तिसऱ्या बाकावरची भाची

बोरटोला,
२० जानेवारी २०२५

भूमेश्वरीस,

वर आशीर्वाद लिहायचा की नाही ते ठरेना, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे. साडेनऊ वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस. तक्रार करायची आहे. तू समाजाबाहेर लग्न केलंस तेव्हा तुझ्याशी बोलणार नाही असा बाबूजींना मी शब्द दिला होता आणि तो पाळतो आहे. बोलणार नाही म्हणालो होतो, लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. तीस वर्षं गावात टपाल वाटतो आहे, दोन्हीतला फरक मला कळतो.

काल रविवारी काय झालं ते तुझ्या सासूने सांगितलंच असेल. आता माझ्या बाजूनेही ऐक.

आपल्या गावात दोन वर्षांपूर्वी नदीच्या काठाने सिमेंटचे गट्टू बसवून फिरायचा रस्ता केला आहे. महादेवाच्या देवळापासून सुरू होतो आणि मोक्षधामापाशी संपतो. मध्ये पाच बाक. लोक त्याला चौपाटी म्हणतात. मायचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर रविवारी चार वाजता मी आणि तुझी वहिनी रविता तिला चाकाच्या खुर्चीत बसवून तिथे नेतो. गावातल्या रस्त्यावर खुर्ची अशी उसळते की माय मला आणि सरपंचाला एकाच दमात शिव्या देते. गट्टूवर चाक आलं की गप्प होते. डॉक्टरांनी रोज पन्नास पावलं सांगितली आहेत. घरी ती दहाही टाकत नाही, पण चौपाटीवर वॉकर धरून पुरी पन्नास टाकते. मला वाटायचं, नदीची हवा मानवली.

बसायला तिला तिसराच बाक लागायचा. पहिला रिकामा असला तरी तिसरा. त्या बाकामागे करंजाच्या झाडाखाली एक म्हातारी टोपली घेऊन बसायची. दिवाळीच्या आधी सीताफळं, मग बोरं. सोबत सात-आठ वर्षांची नात. माय म्हणायची, घे पावभर बोरं. मी घ्यायचो. मायच्या तोंडात बोरं चावायला दात नाहीत हे तीन महिने माझ्या ध्यानात आलं नाही. ती पोरगी मायला बिलगून बसायची, माय तिच्या वेणीची रिबिन सोडून पुन्हा बांधायची. म्हाताऱ्या माणसांना लेकरं आवडतात, एवढंच मी समजलो.

काल ती पोरगी कागदात तिळगूळ घेऊन आली. शाळेत शिकवलं असेल. मायला दिला, रविताला दिला, मग मला दिला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मोठी हो म्हणालो. तेवढ्यात मायच्या हातातला चहाचा कप खाली पडला.

"पाय मागं घे, चुन्नी," माय म्हणाली. "तुही भाची होय ते."

बाजूने शालीकरामजी चालले होते, आपल्या समाजाचे अध्यक्ष. ते थांबले. मी खुर्ची वळवली आणि घरी आलो.

आता माझी तक्रार. आपण पोवार. आपल्यात मामा भाचीच्या पाया पडतो, मग ती पाळण्यातली का असेना. भाचीने मामाच्या पायाला हात लावला तर मामाला दोष लागतो. तू स्वतः लहानपणी उदाराममामासमोर पाय पुढे करून ऐटीत उभी राहायचीस, ते विसरलीस काय? पोरीला एवढंही शिकवलं नाहीस. मला माहीत नव्हतं ती कोण आहे, पण तुला तर माहीत होतं.

तुझ्या सासूला सांग की पोरीला इकडे आणू नये. माझा खुमेंद्र नोकरीला लागला आहे, त्याची सोयरीक चालू आहे आणि ती शालीकरामजींनीच आणली आहे. बाबूजी गेले तेव्हा तू आली नाहीस, तरी मी कोणाजवळ शब्द काढला नाही. आता हे असं मागच्या दाराने येणं बरं दिसत नाही.

चुन्नीलाल


बोरटोला,
१६ फेब्रुवारी २०२५

भूमेश्वरीस,

तुझं कार्ड मिळालं. माझ्याच थैलीत माझं कार्ड, आणि तेही उघडं. सॉर्टिंगला बसणाऱ्या पोराने वाचलं असणार, कारण दोन दिवस माझ्याकडे पाहून हसत होता. पाकीट मिळत नव्हतं काय सालेकशाला?

"भाऊ, भाची मानत नसाल तर दोष लागला नाही. दोष लागला म्हणत असाल तर ती भाची आहे. दोन्हीतलं एक ठरवा." तुझी वकिली लहानपणापासून अशीच. लग्नाच्या वेळीही तू असंच दोन वाक्यांत सगळ्या घराला गप्प केलं होतंस. मला तेव्हाही उत्तर सुचलं नव्हतं आणि आताही सुचत नाही. पण उत्तर सुचलं नाही म्हणजे समोरच्याचं खरं असं होत नाही.

कार्डाच्या शेवटी तू लिहिलं आहेस की बाबूजी गेल्याचं तुला कोणी कळवलं नव्हतं. त्या विषयात मला शिरायचं नाही.

लिहायला बसलो ते मायसाठी. त्या दिवसापासून ती फिरायला येत नाही. उपवास वगैरे नाटक नाही, जेवते, झोपते. फक्त रविवारी चार वाजले की भिंतीकडे तोंड करून पडते. मी गेल्या रविवारी बळेच खुर्चीत बसवून नेली. पहिल्या बाकापाशी तिने खुर्चीचा ब्रेक ओढला आणि हात मांडीखाली घेऊन बसली. पाऊण तास आम्ही तिथेच. येणारे-जाणारे राम राम करत होते आणि मी ब्रेक बिघडला म्हणून सांगत होतो. वॉकरला तर तिने हातही लावला नाही. काल डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर महिनाभरात पाय आखडेल, मग ती उठणार नाही.

तुमची भेट कशी जमली ते मायने अर्धंमुर्धं सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी गोंदियाच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर जी बाई होती, तुझी सासू तिचीच बहीण, मी नसताना तिला पाहायला यायची. सहा दिवस मी मायसाठी आणि त्या खाटेवरच्या बाईसाठी चहा आणत होतो. बिस्किटंही. रविताला दिवाळीपासून सगळं माहीत होतं म्हणे. म्हणजे या घरात नवं काही कळायचं असेल तर ते मलाच, आणि तेही सगळ्यांत शेवटी. गावभराच्या बातम्या मी दारोदार पोहोचवतो आणि माझ्या घरची मला माहीत नाही. रविता आता जेवायला वाढताना बोलत नाही. काल एवढंच म्हणाली, बोरं संपली वाटते बाजारातली.

पोरीचं नाव दिव्या आहे हे मला कार्डावरून कळलं. चांगलं आहे.

चुन्नीलाल


बोरटोला,
२४ मार्च २०२५

भूमीस,

काल मी एकटाच चौपाटीवर गेलो होतो. कशाला ते विचारू नकोस, पाय मोकळे करायला असं धर. तुझी सासू करंजाखाली बसली होती. पुढ्यात मोहफुलं होती, पोरगी नव्हती. मी जाऊन तिसऱ्या बाकावर बसलो. दोघेही नदीकडे पाहत होतो. नदीत आता गुडघाभरही पाणी नाही, पाहण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी मीच विचारलं, मोहफुलं कशी दिली. दुर्पताबाई म्हणाली, तुमाले विकाची नाहीत. मग मात्र तिने एकदा सुरू केलं ते थांबली नाही. म्हणाली, सालेकशाला बाजार भरतो, टोपली घेऊन गाडीने इतक्या दूर यायची मला हौस नाही. तुमच्या म्हातारीने दवाखान्यात हात धरून सांगितलं, नात दाखव, म्हणून येत होते. दर रविवारी पोरीची वेणी तूच घालून पाठवायचीस, आणि माय ती सोडून पुन्हा घालायची, हेही तिने सांगितलं. मायच्या हाताची वेणी घालून पोरगी परत आली की तू ती दोन दिवस सोडू देत नव्हतीस म्हणे. हे मला ऐकायचं नव्हतं, पण उठून जाता येईना.

मी म्हटलं, मला राग पोरीचा नाही. चूक मोठ्यांची आहे. तर ती म्हणाली,

"मोठ्याइचं मोठे पाहून घेतीन. पण पोट्टी रोज विचारते, त्या काकाले राग कायले आला? मी तिळगूळ नीट नाई देल्ला का? काय सांगू तिले?"

 घरी आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. रविताला काही सांगितलं नाही. पण ताटातली भाजी तशीच राहिली ती का, ते तिला कळलं असावं, कारण बऱ्याच दिवसांनी तिने विचारलं, भाजी खारट झाली काय.

तर आता असं. मी पंचांगवाल्या महाराजांना विचारलं. नाव न घेता, कोणाची तरी गोष्ट म्हणून. ते म्हणाले, भाचीचे पाय धुवावेत, डोकं ठेवावं, दोष जातो. सहा एप्रिलला रविवार आहे आणि रामनवमीही आहे. त्या दिवशी दुर्पताबाईसोबत दिव्याला पाठव. चार वाजता, तिसरा बाक. हे फक्त दोषासाठी. यातून दुसरा अर्थ काढू नकोस आणि तू स्वतः येऊ नकोस. मायला मी सांगितलं तर तिने आज सकाळी वॉकर मागून घेतला. अंगणात बारा पावलं टाकली. मोजत मी होतो, ती नव्हती.

चुन्नीलाल


बोरटोला,
७ एप्रिल २०२५

भूमी,

अनेक आशीर्वाद. या वेळी जागा सोडली नाही.

पोरगी घरी सुखरूप पोहोचली असेल. बाकीचं तिने तिच्या पद्धतीने सांगितलं असेल. मी माझ्या पद्धतीने सांगतो, कारण शेवटी मला एक गोष्ट लिहायची आहे आणि एकदम तिच्यावर यायची माझी हिंमत नाही.

मी घरून ठरवून निघालो होतो की करंजाच्या आडोशाला चटकन पाय धरायचे आणि उठायचं. रविताने पिशवीतून ताट, तांब्या आणि नवा टॉवेल काढला तेव्हाच आडोसा संपला. रामनवमीमुळे अर्धं गाव चौपाटीवर. गुपचुप-पाणीपुरीच्या ठेल्यावर रांग लागलेली. माय बाकापर्यंत चालत गेली, खुर्ची नको म्हणाली. दिव्या तिच्याजवळ बसली होती, लाल फ्रॉक आणि तू घातलेली वेणी. मला पाहिल्यावर तिने पाय बाकावर ओढून घेतले. मला फार वाईट वाटलं.

मी खाली बसलो. चोपन्न वर्षांचे गुडघे गट्टूवर टेकताना आवाज करतात, तो सगळ्यांनी ऐकला. म्हटलं, दिव्या, पाय खाली सोड, तुझं काही चुकलं नाही, माझंच चुकलं. तिने आजीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, मग एक एक पाय खाली केला. पाणी घातलं तर गुदगुल्या होऊन हसायला लागली. मी पाय पुसले, कुंकू लावलं आणि डोकं ठेवलं. लोक थांबले होते. मिरवणुकीहून परतणारे शालीकरामजीही होते. त्यांनी विचारलं, "कोन होय हे पोट्टी, चुन्नीलाल?"

मी म्हटलं, "माझी भाची. भूमीची पोरगी."

ते बरं म्हणाले आणि गेले. मुलीकडचे लोक गुरुवारी खुमेंद्रला पाहायला येणार होते. अजून काही निरोप नाही. येतील किंवा येणार नाहीत. खुमेंद्रला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, हे दहा वर्षांआधी करायचं होतं. आजकालची पोरं बापाला असं बोलतात.

इथवर सगळं ठीक झालं होतं. मला वाटलं, सुटलो. उठायला म्हणून बाकाला हात धरला, तेवढ्यात दिव्याने विचारलं. भांडखोरपणाने नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुमी मामा होय ना? मंग नानाजी वारले तवा मम्मीले काऊन नाई बोलावलं? मम्मी अजून रडते."

दुर्पताबाईने तिला गप्प केलं आणि हातात चिवडा दिला. रविता ताट आवरायला लागली. मी तसाच खाली बसून राहिलो. माय माझ्याकडे पाहत होती.

भूमी, आता ऐक. बाबूजींना शब्द दिला होता असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं आहे. बाबूजींनी असला शब्द माझ्याकडे कधी मागितला नाही. उलटं झालं. ऑगस्ट महिन्यात ते शेवटच्या अंथरुणावर होते. त्यांनी मला कागद घेऊन बसायला सांगितलं आणि तुझ्यासाठी चिठ्ठी सांगितली. मी ती अंतर्देशीय पत्रावर लिहिली, पत्ता घातला, त्यांच्यासमोर शिक्का मारला आणि थैलीत टाकली. दोन दिवस ती माझ्या थैलीत होती. मग मी ती बाहेर काढली आणि फाडली.

का फाडली, याची कारणं मी सहा वर्षांत बरीच तयार केली. समाज काय म्हणेल, जावई म्हणून विक्की सोबत आला तर त्याला कुठे बसवायचं, शालीकरामजी काय म्हणतील. ही सगळी नंतरची. खरं कारण असं की तीन वर्षं त्यांचं सगळं मी करत होतो. अंघोळ, औषध, रात्रीचं उठणं. आणि नाव घ्यायचे तुझं. मी पाणी पाजायचो आणि ते विचारायचे, भूमी आली काय. मला ते सहन झालं नाही. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

ते रोज टपालाची वाट पाहायचे. मी थैली घेऊन घरात शिरलो की मान उचलायचे. आठव्या दिवशी मी त्यांना सांगितलं, तिचं उत्तर आलं, येत नाही म्हणते. त्यांनी पुन्हा मान उचलली नाही. दोन दिवसांनी गेले. मायनेही तेच खरं धरलं आणि तुझ्यावर रागावून राहिली. मी राहू दिलं.

काल घरी आल्यावर मी मायला ओसरीत बसवलं आणि म्हणालो, माय, मी ती चिठ्ठी टाकली नव्हती. ती म्हणाली,

"मले माहीत हाय. दवाखान्यातच समजलं. दुर्पता म्हणे, आमाले कोनी काई कळवलंच नाई."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिली होती."

इतके महिने ती मला खुर्ची ढकलू देत होती. दुर्पताबाईलाही तिने सांगितलं नाही की चिठ्ठी लिहिली गेली होती. तुला ते माझ्याच तोंडून कळावं म्हणून. तिच्यासमोर मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

चिठ्ठी उरली नाही, पण मजकूर पाठ आहे, माझ्याच हाताने लिहिला होता. बाबूजींनी सांगितलं होतं: "भूमी, माझ्या मनात आता राग नाही. पोरीले घेऊन लवकर ये. जावयालेई आन. तुझी खोली झाडून ठेवाले सांगितली आहे." आणि त्यांनी खरंच सांगितली होती. रविताने झाडली होती.

हा निरोप तुझा होता. मी सहा वर्षं अडवून ठेवला.

हे पत्र टपालात टाकत नाही. मागचं एक माझ्या थैलीतून पुढे गेलं नाही, म्हणून यावेळी स्वतःवर भरवसा ठेवत नाही. उद्या सुट्टी काढली आहे. सकाळच्या गाडीने सालेकशाला येतो, तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत बाहेर उभा राहीन. काही बोलणार नाही. वाचून झाल्यावर मला आत घ्यायचं की दार लावायचं, ते तू ठरव.

तुझा भाऊ
चुन्नीलाल